नोकरी, लोकल आणि बीपी: पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं

ऑफिसात आरोग्य शिबिर होतं. रांगेत उभी राहून मी एका व्हेंडरशी फोनवर हुज्जत घालत होते. दंडाला पट्टा बांधला तेव्हाही फोन कानालाच होता. यंत्रावर आकडा आला १५८/१००. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." मी तेव्हा ४१ वर्षांची. राहायला डोंबिवलीत, नोकरी प्रभादेवीला, अकाउंट्समध्ये.

पुढच्या पंधरा दिवसांत जे जे करू नये ते सगळं मी केलं. जिमची वर्षाची फी भरली आणि चार वेळा गेले. मीठ एकदम बंद केलं, तिसऱ्या दिवशी घरातल्यांनी जेवणावरून तोंडं वाकडी केली, म्हणून पुन्हा सुरू केलं. मैत्रिणीच्या सांगण्यावरून कसला तरी काढा घेतला. आणि डॉक्टरांकडे मात्र गेले नाही, कारण २० तारीख, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र भरायची मुदत, जवळ आली होती.

तुम्हालाही नुकतंच कुणी "जरा तब्येतीकडे बघा" म्हणालं असेल, किंवा लांबच्या प्रवासाची नोकरी लागून वर्षभरातच अंग बोलायला लागलं असेल, तर मी ज्या क्रमाने करायला हवं होतं तो क्रम खाली देते. मी डॉक्टर नाही. गोळी घ्यायची की नाही, कुठली घ्यायची, याबद्दल यात एक अक्षरही नाही.

आधी एवढं गोळा करा

- दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र (मनगटाचं नको)
- एक साधी वही, पेन यंत्राजवळच ठेवा
- शिंप्याकडची मोजपट्टी
- जुने रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावून
- कंपनीच्या मेडिक्लेमचं कार्ड
- आईवडील आणि सख्खी भावंडं यांच्यापैकी कुणाला बीपी, साखर, हृदयाचा त्रास, आणि तो कितव्या वर्षी सुरू झाला, याचा कागद. हा डॉक्टर हमखास विचारतात आणि आपल्याला हमखास आठवत नाही.
- सध्या पोटात जाणाऱ्या सगळ्या गोळ्यांची यादी. "सगळ्या" म्हणजे पर्समधल्या डोकेदुखीच्या गोळ्यासुद्धा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी आणि काही गर्भनिरोधक गोळ्यांनी बीपी वाढू शकतं. मी दर महिनाअखेरीला अशी पाकिटं संपवत होते आणि ते सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

१. आठवडाभर नीट मोजा

शिबिरातला तो आकडा खोटा नव्हता, पण तो माझा रोजचा आकडाही नव्हता. उभी, बोलत, चिडलेली, वर सकाळपासून दोन चहा झालेले. अशा वेळी आकडा चढतोच. उलटंही होतं: दवाखान्यात एसीत बसून आकडा छान येतो आणि घरी, कामावर तो वर असतो. म्हणून घरच्या सात दिवसांच्या नोंदी लागतात.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या, मूत्राशय भरलेलं असलं तरी आकडा वाढतो. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, एकावर एक टाकलेले नाहीत. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला, उघड्या दंडावर. पाच मिनिटं गप्प. खरंच गप्प, "कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या गं?" हेसुद्धा नाही. मग मोजा, एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा.

सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. सात दिवसांनंतर पहिला दिवस सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरी घेतलेली सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. दवाखान्यातल्या मोजणीसाठी हीच रेघ १४०/९० आहे. सरासरीतला वरचा आणि खालचा, यांपैकी एक आकडा जरी रेघेच्या वर असला तरी बीपी वाढलेलंच धरायचं. "खालचा तर ठीक आहे ना" ही पळवाट मी तीन दिवस वापरून पाहिली आहे.

दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर आकडा उगाच जास्त येतो. यंत्र घेताना दंडाचा घेर मोजून त्या मापाचा पट्टा मागा. आणि दुसरं, आकडा जास्त आला म्हणून पुन्हा पुन्हा मोजत बसू नका. मी एका रविवारी अकरा वेळा मोजलं, आणि अकरावा आकडा सगळ्यात मोठा होता.

त्याच आठवड्यात पोटाचा घेरही मोजून टाका. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. श्वास आत ओढून मोजायचं नाही.

२. रक्त एकदाच द्या, पण विचारून

"८७ तपासण्या फक्त अमुक रुपयांत" हे मेसेज तुम्हालाही येत असतील. मी तसलं एक पॅकेज केलं. चौदा पानी रिपोर्ट आला, त्यात तीन गोष्टी लाल अक्षरांत होत्या ज्यांचा माझ्याशी काही संबंध नव्हता, आणि डॉक्टरांना हवी असलेली लघवीची तपासणी नेमकी नव्हती. आधी डॉक्टरांना भेटा, त्यांच्याकडून यादी घ्या. साधारणपणे उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज), कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्लोबिन, लघवी, थायरॉइड, आणि शाकाहारी असाल तर बी-१२ एवढं असतं. गरज वाटली तर ईसीजी सांगतात.

साखरेसाठी किमान आठ तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. रात्री लग्नात अकराला जेवून सकाळी सहाला रक्त देऊ नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आधी सांगा, त्यांनी थायरॉइडचे आकडे चुकू शकतात.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. माझं आलं ५.९. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. माझं होतं १०.२. दोन जिने चढून धाप लागायची ती मी इतके दिवस "वय झालं" म्हणून सोडून देत होते!

३. ताणाच्या तारखा कॅलेंडरवर मांडा

ताणाबद्दल बोलताना आपण "हल्ली फार टेन्शन आहे" असं मोघम बोलतो. हिशेबाच्या माणसाला मोघम चालत नाही, म्हणून मी कालनिर्णय काढलं आणि लाल पेनने गोल केले. ७ तारीख टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर, भरायची. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र. १५ ला पीएफ. २० ला ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र. त्यावर महिनाअखेरची क्लोजिंग, म्हणजे हिशेब बंद करणं, आणि सप्टेंबरात टॅक्स ऑडिट. मग बीपीची वही शेजारी ठेवली. सगळे मोठे आकडे १७ ते २१ या पट्ट्यात पडले होते. झोपेचे तास त्याच पट्ट्यात सगळ्यात कमी, वडापाव सगळ्यात जास्त.

डॉक्टर मला म्हणाले होते की ताणाने आकडा तात्पुरता चढतो आणि उतरतो, पण ताणाच्या दिवसांत तुम्ही जे खाता, जितकं कमी झोपता, जितकं बसून राहता, ते उतरत नाही. कॅलेंडर बघितल्यावर मला ते कळलं.

तुमच्या तारखा वेगळ्या असतील. शिक्षिकेला पेपर तपासणी आणि निकाल, बँकेत मार्चअखेर, सॉफ्टवेअरवाल्यांना रिलीज, नर्सला रात्रपाळीचा आठवडा. त्या लिहा. मग दोन कामं करा. एक, त्या पट्ट्यात घरचं काहीही नवं घेऊ नका: पाहुणे, फर्निचर, मुलाचा वाढदिवसाचा मोठा बेत, काही नाही. दोन, कामाचा जो भाग आधी सरकवता येतो तो सरकवा. मी व्हेंडरची बिलं जुळवायचं काम १८ तारखेवरून दर शुक्रवारी एक तास असं पसरलं. पहिल्या महिन्यात चिडचिड झाली. तिसऱ्या महिन्यात २० तारखेला मी सव्वासातची गाडी पकडली.

४. चालणं प्रवासातच बसवा

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काहीतरी. रोज पहाटे पाचला उठून हे करणाऱ्यांना माझा नमस्कार. मी पाचला उठते ती डब्यासाठी.

म्हणून मी प्रवासातून मिनिटं काढली. दादरला उतरून शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहण्याऐवजी चालायला लागले. जाताना १५ मिनिटं, येताना १५, आठवड्याचे पाच दिवस. गुणाकार करा, १५० होतात. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. दादरच्या फूलबाजारातल्या गर्दीतून तो वेग मिळत नाही, म्हणून तो तुकडा मी मोजत नाही. पावसाळ्यात ऑफिसचे जिने चढते. बॅगेत चपला आणि पायात बूट, हा एवढाच खर्च.

दुसऱ्या भागासाठी, म्हणजे ताकदीसाठी, भिंतीला हात टेकून दंड काढणं आणि खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणं. मंगळवारी आणि शनिवारी, भात शिजेपर्यंत.

गाडीत काय करायचं? फोर्थ सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथं बसून, अर्धं शरीर हवेत ठेवून ध्यान लागत नाही, हे मान्य. पण श्वास घेता येतो. चार आकड्यांपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. ठाणे गेल्यावर सुरू करायचं, मुलुंड येईपर्यंत करायचं. फास्ट गाडी मुलुंडला थांबत नसली तरी फलक दिसतो. माझ्या गाडीतल्या ग्रुपमधल्या एकीला पहिल्या दिवशी वाटलं मला भोवळ येतेय, तिने खिडकी दिली. नाक दाबून करायचे प्रकार गर्दीत नकोत, आणि श्वास रोखून धरायचे प्रकार बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच.

आणि गाडीत ऑफिसचा लॅपटॉप उघडू नका. मी तीन वर्षं उघडला. त्याचे कुणी जास्त पैसे दिले नाहीत.

५. डबा आणि चहा

चहापासून सुरुवात करते, कारण तिथे सगळ्यात जास्त फरक पडला. दिवसाला सहा चहा, प्रत्येकी दीड चमचा साखर. नऊ चमचे. चमच्याला चार-पाच ग्रॅम धरले तरी चाळीसच्या आसपास. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत राहिली तर बरं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणजे मी नुसत्या चहातच दीडपटीने पुढे होते. ऑफिसच्या मशीनच्या चहात तर साखर आधीच घातलेली असते, "मी साखर घेतच नाही" म्हणणारे सगळे तोच पीत असतात.

एकदम बंद केलात तर डोकं दुखतं आणि चौथ्या दिवशी दुप्पट पिता. मी दर आठवड्याला एक चहा कमी केला, साखर दीडवरून एकावर आणि मग अर्ध्यावर आणली. आता तीन आहेत. शेवटचा दुपारी चारच्या आत, कारण कॅफीनचा निम्मा भाग उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सहाला घेतलेला चहा अकरा वाजता अर्धा अंगात असतो. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नाही, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर हे एक पथ्य नक्की पाळा, आणि उसळीवर लिंबू पिळा.

डबा मात्र मी फारसा बदलला नाही. आपला पोळी-भाजीचा डबा मुळात चांगला आहे. बिघाड होतो तो शेजारच्या छोट्या डबीत: लोणचं, पापड, चटणी, फरसाण. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणतात, म्हणजे एक छोटा चमचा, तोही सगळ्या पदार्थांचा मिळून. भाजीतलं मीठ कमी केलंत की घर बंड करतं. छोटी डबी बंद केली तर फक्त आपण कुरकुरतो. तिथे आता काकडी किंवा गाजर असतं. चार पोळ्यांच्या जागी दोन पोळ्या आणि मोड आलेल्या मटकीची वाटी.

साडेपाचची भूक धोक्याची. त्याच वेळी ऑफिसखालचा वडा तळला जातो आणि त्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. ड्रॉवरमध्ये फुटाण्यांची बरणी ठेवा. बिनमिठाचे फुटाणे मागून घ्यावे लागतात, खारे नकोत. वडापाव मी बंद केलेला नाही. शुक्रवारी खाते, उभी राहून, मिरचीसकट.

६. झोपेची वजाबाकी

प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. साडेअकराला आडवी होऊन सव्वापाचला उठले तर पावणेसहा होतात. इथे कुठलंही ॲप कामाला येत नाही, वजाबाकी साधी आहे: कामं कुणीतरी उचलली पाहिजेत.

तब्येतीवरच्या लेखांत हा मुद्दा क्वचित येतो, म्हणून जरा आवाज चढवून लिहिते. बाईने ध्यान करावं, चालावं, वेळेवर झोपावं, आणि भांडीही तिनेच घासावीत, असं होत नाही. आम्ही एका रविवारी घरातली रात्री नऊनंतरची कामं कागदावर लिहिली. सतरा निघाली. त्यातली चौदा माझी होती. नवऱ्याला हे खरंच माहीत नव्हतं. तो कागद बराच वेळ बघत बसला. आता भाजी चिरणं, ओटा आवरणं, सकाळचं दूध आणि मुलाचं दप्तर त्याच्याकडे आहे. भाजी जाड चिरतो. मी काही बोलत नाही.

त्यातून रोजचे चाळीस मिनिटं निघाले. उरलेले फोनमधून काढले. चार्जर बेडरूममधून उचलून हॉलमध्ये नेला आणि गजराचं घड्याळ आणलं.

घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो असं घरच्यांनी सांगितलं असेल, आणि सात तास झोपूनही दिवसा डुलक्या येत असतील, तर डॉक्टरांना वेगळं सांगा. त्या त्रासाने बीपी वाढतं आणि त्यावर उपचार आहेत.

७. "नाही" न म्हणता नाही म्हणायला शिका

संध्याकाळी पावणेसात. साहेब टेबलापाशी येतात. "मॅडम, ते गेल्या वर्षीचं व्हेंडरवाईज खर्चाचं स्टेटमेंट आज मिळेल का?"

पूर्वी मी "हो सर" म्हणून नऊपर्यंत बसायचे. आता म्हणते, "देते सर. मग ३बीचं उद्यावर टाकू, की हे उद्या दुपारी चालेल?"

दहापैकी आठ वेळा उत्तर येतं, "उद्या चालेल." उरलेल्या दोन वेळा खरंच घाई असते आणि मी बसते. दोन कामं पुढे ठेवायची आणि निवड त्यांना करू द्यायची. आवाजात तक्रार नको, रडगाणं तर नकोच. नव्या नोकरीत पहिल्या महिन्यापासून असं बोलायची सवय लावा. पाच वर्षं "हो सर" केल्यावर बदलणं जड जातं. ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्री नऊनंतर म्यूट करा. ज्याला आग लागली आहे तो फोन करतो.

८. रजा, विमा, कर

हे पटकन. रजा उरवून ठेवण्यात शौर्य नाही. तुमच्या कंपनीचं रजेचं धोरण एकदा पूर्ण वाचा, नैमित्तिक रजा वर्षअखेरीला बुडते का ते बघा, आणि ताणाच्या पट्ट्यानंतरचा एक दिवस आधीच मंजूर करून घ्या. मी दर तिमाहीत २२ तारखेच्या आसपास एक घेते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसीत ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा, खर्च बसतो का, हे मात्र वेगळं बघा, बहुतेकदा दाखल झाल्यावरचाच बसतो. जुन्या करपद्धतीत असाल तर प्रतिबंधात्मक तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, आरोग्य विम्याच्या एकूण मर्यादेतच, आणि पैसे रोख दिले तरी चालतात. पावती जपून ठेवा. सवय, काय करणार.

९. कधी वही बाजूला ठेवायची

छातीत दाब किंवा जडपणा, घाम, डावा हात, जबडा किंवा पाठीत जाणारी कळ, अचानक धाप, तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं: यातलं काहीही झालं तर आकडा मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. बायकांमध्ये हृदयविकार नुसती मळमळ, थकवा, पाठदुखी असाही येतो आणि "ॲसिडिटी असेल" म्हणून वेळ जातो. आकडा १८०/१२० च्या वर दिसला आणि त्रास काही नसला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर.

मनाचंही तसंच. दोन आठवडे सलग झोप नाही, कशातच रस नाही, गाडीत कारण नसताना रडू येतंय, किंवा जगू नये असं मनात येतंय, तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मी एकदा केला आहे, एका सप्टेंबरात, रात्री दीड वाजता. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, "जेवलात का?"

आज रात्री एवढं एक करून ठेवा. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा पुठ्ठा घ्या. त्यावर नाव, रक्तगट, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी असेल तर ती, डॉक्टरांचा नंबर आणि घरच्या दोघांचे नंबर लिहा. फोन लॉक असतो, तो गर्दीत कुणाला उघडता येत नाही. माझं कार्ड रेल्वे पासाच्या प्लास्टिकमध्ये मागच्या बाजूला आहे, आणि खिडकी देणाऱ्या त्या मैत्रिणीला ते कुठे आहे हे माहीत आहे.